पोलादराव चिलखतातच झोपतात

२ फेब्रुवारी, रविवार, संध्याकाळ

आज माझ्यावर अन्याय झाला. डोकं शांत ठेवून लिहितो आहे, म्हणून अक्षर असं आलंय.

दर रविवारी दुपारी मुलाच्या घरी, जेवणाच्या टेबलावर, सूनबाईचा खेळ असतो. पट नाही, सोंगट्या नावापुरत्या. सूनबाई गोष्ट सांगते. बाकीच्यांनी एकेक पात्र व्हायचं, आपण काय करतो ते तोंडाने सांगायचं, आणि ते जमलं की फसलं हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. पूर्वी एक जिमवाला तरुण ढाल घेऊन सगळ्यांच्या पुढे उभा राहायचा. त्याची बदली झाली. पुढे उभं राहायला कोणी उरेना, तेव्हा सूनबाईने मला विचारलं. सध्यापुरतं, म्हणाली. मी हो म्हटलं ते तिच्या अडचणीसाठी.

माझं पात्र पोलादराव. सरदार. कपाळापासून टाचेपर्यंत पोलादी चिलखत. नाव मीच ठेवलं. दातांचे डॉक्टर चोर झालेत आणि लायब्ररीतल्या बाई जादूगार. मुलगा खेळत नाही. तो चहा करतो आणि कप विसळतो.

झालं असं. जंगलात मुक्काम पडला. चोर आणि जादूगार पांघरुणं घेऊन आडवे झाले. मी जाहीर केलं, पोलादराव चिलखत काढणार नाहीत, चिलखतातच झोपतील. सूनबाई म्हणाली, झोपू देत, पण नियम असा की चिलखतात झोपलेल्याला विश्रांती मिळत नाही. सकाळी थकवा. मग फासा दर वेळी दोनदा टाकायचा आणि त्यातला लहान आकडा धरायचा.

सकाळी लांडगा आला. पहिला फासा, एकोणीस. दुसरा, दोन. दोन धरले. पोलादरावांची तलवार झाडात रुतली आणि लांडगा त्यांच्या पोटरीत. डॉक्टर हसले. दुसऱ्याचं तोंड बघायची सवय असल्यामुळे स्वतःचं किती उघडतं याचं त्यांना भान नाही.

मी सूनबाईला शांतपणे समजावलं. अख्खी हयात माझी पत्र्याच्या वर्कशॉपमध्ये गेली. डक्ट, धुराडी, ट्रंका, सगळं या हातांनी बडवलं आणि एकाही मास्तरशिवाय शिकलो. धातू अंगाला कसा बसतो हे मला नियमाच्या पुस्तकाने सांगू नये. ती म्हणाली, बाबा, नियम आहे. मी म्हटलं, नियम चुकलाय.

खेळ पुढे फार सरकला नाही. पण माझा मुद्दा सर्वांच्या मनात ठसला आहे. सगळे लवकरच उठून घरी गेले, बहुधा विचार करायला.

३ फेब्रुवारी, सोमवार

संकल्प. आजपासून खेळात वाद घालणार नाही. नुसतं सिद्ध करून दाखवीन.

पुरावा तर घरातच आहे. मी रोज रात्री कमरेला पट्टा, मनगटाला घड्याळ आणि पट्ट्याला वर्कशॉपच्या किल्ल्यांचा जुडगा लावून झोपतो. पायात मोजे. आयुष्यभर असाच झोपलो. माणसाने केव्हाही उठून धावायच्या तयारीत असावं. विश्रांतीत कणभर फरक नाही.

हिच्याकडे दुजोरा मागितला. ही म्हणाली, विश्रांतीचं मला काय विचारता, रात्रभर बैलगाडी चालल्यासारखा आवाज येतो, म्हणून मी भिंतीकडे तोंड करून झोपते. शिवाय म्हणाली, वर्कशॉपच्या जागी आता चपलांचं दुकान आहे, शटर त्यांचं, कुलूपही त्यांचं. त्या किल्ल्यांनी आता काय उघडतं?

विषय झोपेचा होता. बायका विषय सोडून बोलतात.

४ फेब्रुवारी, मंगळवार

पडताळणी करायची तर खरं चिलखत हवं. माळ्यावर जस्ती पत्र्याचा शेवटचा तुकडा होता, हवेच्या डक्टसाठी आणलेला. गच्चीवर बसून माप घेतलं. छाती चांगलीच भरली. अजून गडी दमदार आहे.

मागचा भाग आणि पुढचा भाग, उजवीकडे बिजागऱ्या, डावीकडे नट-बोल्ट. सूनबाईच्या पुस्तकातल्या चित्रात चामड्याचे पट्टे दाखवलेत. पट्टे कमकुवत. नट-बोल्टला तोड नाही.

शेजारच्या गच्चीवरून विचारणा झाली की पाण्याची टाकी का. हो म्हणालो. प्रत्येकाला कुठे समजावत बसायचं.

६ फेब्रुवारी, गुरुवार, दुपार

चिलखत तयार. दिसायला देखणं. वजन म्हणाल तर जाणवतसुद्धा नाही, उभं राहून श्वास घेतला नाही तर.

पहिली चाचणी आजच्या वामकुक्षीत. हिने डाव्या बगलेखालचे नट पान्याने आवळून दिले आणि बँकेत गेली. आरामखुर्चीत बसलो. बसल्यावर कळलं की माप उभ्याने, छाती फुगवून घेतलं होतं. बसल्यावर माणसाचं पोट पुढे येतं. पत्रा पुढे येत नाही. हा चिलखताचा दोष नव्हे, खुर्चीचा.

डोळे मिटले. डोळे मिटणं हेच झोपेचं मुख्य अंग.

तेवढ्यात दारावर कुरियरवाला. उठायला जरा वेळ लागला, खुर्चीही बरोबर आली. दार उघडलं. तो माझ्याकडे बघत राहिला आणि हळूच म्हणाला, काका, मणक्याला झालंय का काही? सही करायची होती, खांदा हलेना. त्यानेच कागद भिंतीला धरून वर-खाली सरकवला आणि मी पेन स्थिर ठेवलं. चांगला माणूस.

त्याच्याकडूनच नट काढून घ्यावे म्हटलं, कारण डाव्या बगलेखाली माझा कुठलाच हात पोचत नाही. तो म्हणाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावणार नाही. ही येईपर्यंत उभा राहिलो. उभं राहण्याचे फायदे आहेत.

पार्सल सूनबाईने पाठवलेलं. आत गळ्याभोवती घालायची मऊ उशी. चिठ्ठीत इतकंच, की बाबा, टीव्ही बघताना तुमची मान लुळी पडते. म्हणजे मला मऊ करण्याचा प्रयत्न सुरू झालाय. उशी कपाटावर ठेवली.

चाचणीचा निकाल: यशस्वी.

९ फेब्रुवारी, रविवार, संध्याकाळ

वाद न घालण्याचा संकल्प मी पाळला. फक्त निष्कर्ष वाचून दाखवले. ते लांबलचक होते, त्याला इलाज नाही.

सूनबाई भूलतज्ज्ञ आहे. ऑपरेशनच्या आधी लोकांना झोपवते आणि नंतर उठवते. ती म्हणाली, बाबा, गाढ झोपेत अंग सैल पडावं लागतं, छाती मोकळी हलावी लागते, नाहीतर माणूस पडून राहतो, झोपत नाही. मी म्हटलं, तुझे पेशंट औषधाने झोपतात, त्यांना काय विचारायचं? लायब्ररीतल्या बाईंनी पुस्तकात डोकं खुपसलं. बहुधा माझं म्हणणं पडताळून बघत होत्या.

मग डॉक्टरांनी मूळ प्रश्न काढला. म्हणाले, काका, मुक्कामात आम्ही आळीपाळीने पहारा देतो की नाही? मग तुम्हाला चिलखत कशाला? मी म्हटलं, पहारा कोण देणार? तुम्ही चोर. या बाई पहाऱ्यावर मंत्र वाचत बसतात. लांडगा येऊन चहा पिऊन जाईल तरी कळायचं नाही. पोलादराव कोणाच्या भरवशावर झोपत नाहीत.

डॉक्टरांनी फासा खाली ठेवला. घड्याळ बघितलं, मग पुन्हा बघितलं. दुपारभर आमची टोळी त्याच मुक्कामावर होती. ओलांडायची खिंड समोर दिसते, पण खिंडीत कोणी शिरलं नाही.

सगळे गेल्यावर सूनबाईने मला स्वयंपाकघरात थांबवलं. आवाज खाली होता. म्हणाली, "बाबा, हे लोक आठवडाभर राबून इथे दोन घटका मजेला येतात. भांडण आलं की येणं बंद होतं. डॉक्टरांचा मेहुणा केव्हाचा विचारतोय, आहे का जागा. तुमची खुर्ची त्याला द्यायची की नाही, पुढच्या रविवारी ठरवू आपण." मुलगा कप विसळत होता, विसळतच राहिला. तोच कप.

म्हणजे माझ्या खेळाची कीर्ती डॉक्टरांच्या सासुरवाडीपर्यंत पोचली. मेहुण्याला माझ्या शेजारी बसायचं असेल. खुर्चीच हवी तर त्याने स्टूल आणावं.

तसं मला काय. रविवार गेला तर गेला. सोमवार आहे, मंगळवार आहे. सोमवारी मी सकाळी वर्कशॉपच्या रस्त्याने चक्कर मारतो, चपलांचं दुकान उघडेपर्यंत थांबतो आणि परत येतो. मंगळवारीही तसंच. कोणी वाट बघत बसलंय असं रविवार सोडून

हे वाक्य अर्धंच बरं.

१० फेब्रुवारी, सोमवार

संकल्प. निर्णायक पुरावा. शनिवारची पूर्ण रात्र चिलखतात झोपायची आणि रविवारी दुपारी ताजातवाना, गुलाबासारखा टेबलावर हजर व्हायचं. थकवा औषधालाही नाही. मग नियमाचं पुस्तक काय तोंड दाखवणार? खुर्चीही पक्की.

तोवर रोज थोडा सराव.

१२ फेब्रुवारी, बुधवार, सकाळ

सराव झाला. झोप झाली नाही. गादीचा दोष, मऊ गादीत पत्र्याच्या कडा रुततात. आज सतरंजी.

१३ फेब्रुवारी, गुरुवार, सकाळ

सतरंजीचा दोष. शिवाय चिलखताच्या आत डास शिरला. डासाला जागा भरपूर, मला हात घालायला नाही. त्याची झोप उत्तम झाली असावी.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

ही उशी-पांघरूण घेऊन बाहेरच्या खोलीत झोपायला गेली. म्हणाली, कूस बदलता तेव्हा दुकानाचं शटर पाडल्यासारखं होतं. मला बरंच वाटलं, पलंगावर जागा झाली. जागेचा उपयोग करता आला नाही. चिलखतात कूस बदलायची म्हणजे आधी ठरवावं लागतं.

दुपारी भाजी घ्यायला गेलो आणि भाजीवालीसमोर उभ्या उभ्या कुठे होतो ते विसरलो. तिने पिशवी भरून दिली. घरी येऊन पाहिलं तर सगळी मुळ्याची पानं. ही म्हणाली, मागितलीत काय? मी म्हटलं, हो.

१६ फेब्रुवारी, रविवार, सकाळ

रात्र पूर्ण झाली. चिलखतात. हे मी लिहून ठेवतो आहे म्हणजे कोणी नंतर वाद घालायला नको.

झोप झाली का? व्याख्येवर अवलंबून आहे.

नट हिनेच आवळून दिले. म्हणाली, हट्ट पुरा होऊ दे एकदाचा. पाना मी उशाशी ठेवला होता, तो पलंगाखाली गेला. पहाटेच्या सुमारास पाठीत कळ आली तेव्हा मला वाकता येईना, लोळता येईना, आणि हाक मारणं पोलादरावांना शोभत नाही. तसाच पडून राहिलो, छताकडे बघत. अधूनमधून किल्ल्या चाचपल्या. होत्या.

हीच आली. कशी आली देव जाणे, मी हूं की चूं केलं नव्हतं. गुडघे टेकून पलंगाखालून पाना काढला, चष्मा लावला आणि एकेक नट सोडवायला बसली. एक गोल झाला होता, तो हलेना. तिने पदर गुंडाळून दातओठ खाऊन फिरवला. बोलली फक्त एकदा.

"कोण येणार आहे अहो एवढं? मी आहे की शेजारच्या खोलीत."

तिला मुद्दा कळलेलाच नाही. पण नट छान काढले. वर्कशॉपमध्ये असा हात मिळाला असता तर.

आता अंघोळ करून निघतो. चेहरा ताजा दिसतोय. आरशाला धूळ आहे.

१६ फेब्रुवारी, रविवार, संध्याकाळ

जे घडलं ते क्रमाने लिहितो. काही भाग मला इतरांकडून घ्यावा लागला, कारण त्या वेळी मी विचारात होतो.

पोचलो. सर्वांना दाखवलं की बघा, रात्रभर चिलखतात होतो, काही झालंय का? लायब्ररीतल्या बाई म्हणाल्या, काका, बसा आधी. बसलो.

डॉक्टरांनी तडजोड आणली. म्हणाले, काका, तुमचा आमच्या पहाऱ्यावर भरवसा नाही ना, मग आजचा पहिला पहारा तुमचा. चिलखत घालून, तलवार घेऊन, उभे राहा. आम्ही झोपतो, तुमच्या भरवशावर. मला हे एकदम पटलं. पहिल्यांदा माणूस शहाण्यासारखा बोलला. पोलादराव शेकोटीपाशी उभे राहिले. चोर झोपला, जादूगार झोपली. सूनबाई सांगू लागली: रान शांत आहे, वाऱ्यावर झाडं हलतायत, दूर कुठेतरी पाणी वाहतंय. तिचा आवाज फार छान आहे. हे पहिल्यांदाच लक्षात आलं. पेशंट लोकांचं नशीब.

पुढे मी पाण्याच्या आवाजाचा विचार करत होतो.

मग मला मुलगा दिसला, तो दिवे लावत होता. टेबलावर कप नव्हते. माझ्या गळ्याभोवती ती मऊ उशी होती, हिने सकाळीच पाठवून दिली असणार. पायांत बूट नव्हते. मोजेही नव्हते. पट्टा, घड्याळ आणि किल्ल्यांचा जुडगा फाशांच्या शेजारी नीट मांडून ठेवलेला. किल्ल्या कोणी सोडवल्या मला कळलंसुद्धा नाही. माझ्या पट्ट्यावरून! आयुष्यात कोणाची टाप नव्हती.

लायब्ररीतल्या बाईंनी मला सगळं सांगितलं, अगदी हळू, पेशंटला सांगावं तसं. पहारेकरी झोपल्यावर लांडगे आले. कळपाने. सूनबाई म्हणाली, टेबलावर जे दिसतंय तेच रानात घडतंय, पोलादराव उभ्या उभ्या घोरतायत. चोराने त्यांना हलवायला फासा टाकला, फसला. जादूगाराने टाकला, फसला. मग त्या दोघांनीच, मला मध्ये ठेवून, दोन बाजूंनी, लांडगे परतवून लावले. बाईंच्या जादूगाराला पहिल्यांदाच पुढे उभं राहावं लागलं. सांगताना त्यांचे कान लाल झाले होते.

आणि मग डॉक्टर म्हणाले, सकाळी खिंड चढायची आहे, हे असे झोपले तर दमलेले उठतील, चिलखत काढू या यांचं. एक एक पट्टा. जाग आली तर तलवार बसणार, म्हणून प्रत्येक पट्ट्याला फासा. चोर लोकांच्या खिशातून काढतो ते कौशल्य त्याने चिलखतावर लावलं. टेबलावर कोणी श्वास घेत नव्हतं म्हणे. मुलगासुद्धा ओले हात घेऊन बघायला उभा राहिला. शेवटचा पट्टा डाव्या बगलेखालचा. वीस पडले.

मी विचारलं, पोलादराव जागे झाले नाहीत? डॉक्टर म्हणाले, "काका, मी कळू न देता दाढ काढतो. पण तुमच्याइतका गाढ माणूस नाही बघितला." या वेळी त्यांनी हसताना तोंडावर हात धरला.

मी सूनबाईला विचारलं की खुर्चीचं काय ठरलं. तिने टेबल पुसत सांगितलं की सगळ्यांना विचारून झालंय. खुर्ची तुमचीच. मेहुण्याला स्टूल आणायला सांगितलंय. मग म्हणाली, "डॉक्टर म्हणत होते, महिन्याभरातला सगळ्यात रंगलेला खेळ आजचा. काकांना येऊ द्याच, म्हणाले. आणि झोप आली तर झोपू द्या."

म्हणजे माझ्याशिवाय रंगत येत नाही. हे मी पहिल्या दिवसापासून सांगतो आहे.

१७ फेब्रुवारी, सोमवार, सकाळ उलटून गेल्यावर

आज वर्कशॉपच्या रस्त्याने चक्कर झाली नाही. जाग आली तेव्हा चपलांचं दुकान उघडून बराच वेळ झाला असेल. किल्ल्या, पट्टा आणि घड्याळ सूनबाईच्या टेबलावरच राहिलंय, त्यामुळे किती वाजले तेही बघता आलं नाही. आणायला जायला हवं. रविवारी जायचंच आहे, तेव्हा आणीन.

ही परत पलंगावर झोपायला आली होती. म्हणाली, पहिल्यांदाच या बाजूला तोंड करून झोपले. चिलखताचा पुढचा भाग गच्चीत कुंड्यांच्या वर उन्हाला आडवा लावलाय तिने. बसतोय बरोबर. माप चुकलं नव्हतं, मी म्हणत होतोच.

पोलादरावांच्या नोंदींचा कागद काल येताना घेऊन आलो होतो, तपासायला. सूनबाईच्या अक्षरात नोंद आहे: चिलखत काढून झोपले. पूर्ण विश्रांती. थकवा शून्य.

नोंदीत मला एकही चूक सापडली नाही. पण नियम चुकीचाच आहे. रविवारी सांगेन, जागा असलो तर.